रिंगणावरचे आकडे

कुठलाही दगड असो, ते त्याला आधी पालथा हात लावायचे. मनगट वळवून बोटांची पाठ दगडाला हलकेच टेकवायची, क्षणभर थांबायचे आणि मग म्हणायचे, "हाव. चाला आता."

पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, देवभोळा माणूस असावा. आमच्या मंडळात तसे एक-दोन होतेच. दगड दिसला की त्यांना शेंदूर आठवायचा. मी जरा कुत्सितपणेच विचारले, "नमस्कार करता का?"

"नाही मॅडम. लाइनमन होतो मी, वीज मंडळात. तारेले तळहात लावला अन् तार जिवंत असली तं मूठ आवळते, माणूस चिकटून जाते. पालथा हात लावला तं हात फेकल्या जाते. नोकरीभर तसंच केलं. आता घरच्या दाराची कडी बी तशीच उघडतो. बायको हासते."

"पण हा दगड आहे."

"दगडच हाय. पण आपल्याले काय माहीत, जिवंत हाय का मेलेला?"

मी हसले. मला कोणी शिकवायला लागले की मी हसून टाकते, ही माझी जुनी खोड आहे.

आमचे मंडळ म्हणजे नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयाची मागची खोली. तिच्यात दोन कपाटे, एक टेबल, भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा. कागदावर सभासद सव्वीस आणि रविवारी सकाळी गाडीला किक मारणारे पाच. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, त्यामुळे त्यांच्यासमोर तोंड उघडायला सगळेच जरा कचरतात. मी शाळेत भूगोल शिकवते आणि मंडळाची सचिव आहे, म्हणजे अर्ज लिहायचे, नकाशे काढायचे आणि पोहे सांगायचे. आमच्यापैकी एकाकडेही पुरातत्त्वाची पदवी नाही. जुने दगड, बारवा, पडकी देवळे बघायची, मोजायची आणि नाहीशी व्हायच्या आत लिहून ठेवायची, एवढाच उद्योग. नियम मात्र कडक. खणायचे नाही, उचलायचे नाही, कशावर खूण करायची नाही. तो नियम मीच मोठ्या अक्षरात लिहून कपाटावर चिकटवला होता.

ते आमच्याकडे आले एका रविवारी, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर काहीतरी काढून. पाच वर्तुळे होती आणि शेजारी एका ओळीत फुल्या. फुल्या म्हणजे विजेचे खांब. वर्तुळे कसली, तर हुडकेश्वरच्या बरेच पुढे एका गावाच्या माळावर त्यांनी नोकरीत असताना शेतीपंपाची लाइन टाकली होती. खांबावर चढून तार ओढताना त्यांना खाली ती दिसली.

"खालून नुसते गोटे दिसते मॅडम. वरून रिंगण दिसते. म्हटलं, आपसूक असे गोल गोटे कायले पडतीन? कोणीतरी मांडले असन."

"मग इतकी वर्षं कोणाला सांगितले का नाही?"

"कोणी विचारलंच नाही. पेपरात तुमच्या मंडळाचं वाचलं, तवा आलो."

त्यांचे वडील हातमागावर बसायचे. थोरल्या भावाने माग मोडून किराणा टाकला आणि हे खांबावर चढले. ते सगळे एका वाक्यात सांगून त्यांनी विषय बदलला. स्वतःबद्दल ते तेवढेच बोलत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्याबद्दल आपल्याला सगळे माहीत आहे असे वाटते आणि मागाहून लिहायला बसले की चार ओळीही भरत नाहीत.

नागपूरच्या आसपास अशी शिळावर्तुळे बरीच आहेत. फार पूर्वीच्या, नुकते लोखंड हाती आलेल्या माणसांनी आपली मेलेली माणसे पुरली आणि भोवती मोठाले काळे दगड गोल मांडले. त्या माळावर तशी पाच निघाली. गावातले लोक त्याला राक्षसाचे खळे म्हणायचे आणि शेळ्या चारायचे. आमचे डॉक्टर तिथे पोचताच हरखून गेले. एका रिंगणात उभे राहून ते म्हणाले, "इथे टोळीचा प्रमुख असणार. घोड्यासकट पुरलेला!"

मागून शांत आवाज आला, "डॉक्टरसाहेब, पहिले मोजा, मंग बोला."

आम्ही चौघे खाली मान घालून हसलो. डॉक्टरांना असे कोणी बोललेले मी त्याआधी ऐकले नव्हते. पण आमच्या लाइनमनच्या तोंडी ते नेहमीच असे. कोणी दगडाचे वय सांगू लागला, कोणी गावाच्या नावाची व्युत्पत्ती लावू लागला की त्यांचे ठरलेले, "पहिले मोजा, मंग बोला." आणि टेपचे टोक समोरच्याच्या हातात.

घोर लागला तो माळाच्या पलीकडच्या खुंट्या पाहिल्यावर. चुन्याच्या रेघा मारलेल्या, लाल फडकी बांधलेल्या. त्या माळावर लेआउट पडणार होता, म्हणजे घरांसाठी प्लॉट पाडून विकायचे होते. डॉक्टर आणि मी मालकाला जाऊन भेटलो. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "सरकारी तपासणी होईपर्यंत तुमच्या गोट्यांना हात लावणार नाही. रस्त्याची पट्टी तेवढी मोकळी करतो. पण महिनाअखेरपर्यंत कागद आणा. त्यानंतर मी थांबू शकत नाही."

महिनाअखेरीला तीन रविवार उरले होते. अर्जाला नकाशा हवा होता, प्रत्येक रिंगणाचा आणि प्रत्येक दगडाचा. तो नकाशा माझ्याकडे आला.

लहान चार रिंगणे कशीबशी उतरली, पण पाचवे मला जमेना. सर्वांत मोठ्या रिंगणाचे दगड मी मोजले, चौतीस. परत मोजले, तेहतीस. तिसऱ्यांदा पस्तीस. काही दगड अर्धे मातीत, काही फुटून दोन झालेले, एकासारखा दुसरा. टेपने अंतर घ्यायचे, कागदावर टिंब द्यायचे, मागे वळून पाहायचे, तर कुठल्या दगडाचे टिंब कुठले तेच कळायचे नाही. ऊन डोक्यावर आलेले. दुसऱ्या रविवारचीही दुपार झाली आणि माझा तोल सुटला.

"यांच्यावर नंबर टाका," मी त्यांना म्हणाले.

"गोट्याले रंग नको मॅडम. तुमीच लिहिलं ना कपाटावर."

"मग खडूने टाका."

खडूने टाकले. संध्याकाळपर्यंत शेळ्यांनी अंग घासून निम्मे पुसले. मी म्हणाले, "ऑइल पेंट आणा. खांबावर टाकता तसे टाका. नकाशा झाला की पुसून टाकू. काहून इतका विचार करता?"

त्यांनी हातावरचा खडू झटकला. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेबाले विचारून घ्या एकदा."

"मी सांगते डॉक्टरांना."

मी सांगितले नाही. डॉक्टर नाही म्हणतील हे मला माहीत होते.

मधल्या एका दिवशी ते एकटे जाऊन नंबर टाकून आले. तिसऱ्या रविवारी आम्ही दोघेच माळावर होतो, बाकीचे एका लग्नाला गेले होते. काय आकडे होते ते! काळ्या दगडावर पांढरे, एकसारख्या उंचीचे, खाली छोटी रेघ. चौतीसच्या चौतीस. दोन तासांत माझा नकाशा पूर्ण झाला आणि मी इतकी खूश झाले की म्हणाले, "तुमचे अक्षर वीज मंडळाने फुकट घालवले." ते लाजले. मग पिशवीतून रॉकेलची बाटली आणि चिंध्या काढून म्हणाले, "पुसून टाकू का आता?"

"थांबा. घरी जाऊन बेरजा ताळून पाहते. काही चुकले तर परत यावे लागेल. पुढच्या रविवारी पुसू."

बाटली त्यांनी परत पिशवीत ठेवली. मी सचिव होते, ते नवे सभासद. माझा शब्द त्यांनी मोडला नाही.

नकाशा बरोबर होता. सोमवारी अर्ज दाखल झाला. बुधवारी सकाळी मी सातवीच्या वर्गावर होते, तेव्हा फोन तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा मी बाहेर येऊन घेतला.

"मॅडम, गोटे उचलून राहिले. मोठ्या रिंगणाचे. लवकर या." मागे यंत्राचा आवाज होता. मग त्यांचाच आवाज, दुसऱ्या कोणाला, "ए, थांब! थांब म्हणतो ना!" आणि फोन बंद.

शाळेपासून माळापर्यंत स्कूटरने पाऊण तास. तो पाऊण तास मी कशी गेले ते मला आठवत नाही. पोचले तेव्हा जेसीबी उभा होता आणि त्याच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, ते उभे होते. सदरा घामाने पाठीला चिकटलेला. रिंगणाला एका बाजूने भगदाड पडले होते आणि उखडलेल्या जागी ओली तांबडी माती दिसत होती. अकरा दगड टिपरमधून नाल्यात गेले होते.

ड्रायव्हर चाळिशीचा, सावनेरकडचा. तोही घाबरला होता. मला पाहून तो खाली उतरला.

"मॅडम, मले सुपरवायझरनं फोनवर सांगतलं, रस्त्यात येणाऱ्या गोट्याईवर खुणा केल्या हाय, तेवढे काढ. मी आलो तं खुणा इथंच दिसल्या. झाडाले नंबर पडला का झाड जाते. म्हटलं, गोट्याले नंबर पडला तं गोटा जाईन. मी काय चुकलो?"

रस्त्याच्या पट्टीतल्या, रिंगणाबाहेरच्या दगडांवर मालकाच्या माणसाने चुन्याचे ठिपके दिले होते. ते केव्हाच फिकट झाले होते. आमचे आकडे मात्र रस्त्यावरून वाचता येत होते.

मी त्यांच्याकडे पाहिले. ते दगडांकडे पाहत होते.

पुढचे फार वेगाने झाले. नंबरांची गोष्ट मंडळात आम्हा दोघांशिवाय कोणाला ठाऊकच नव्हती. डॉक्टरांना वाटले मालकाने दगा दिला. त्यांनी संध्याकाळीच तक्रार दिली, पुरातन अवशेषांची नासधूस. मालकाने हात वर केले, "मी सांगितलेच नव्हते, ड्रायव्हरने स्वतःच्या मनाने केले." आणि पोलिसांनी ड्रायव्हरला चौकीत बसवले. दुसऱ्या दिवशी मालकाने त्याला कामावरून काढले. चार दिवसांनी सरकारी तपासणी ठरली.

त्या चार दिवसांत मंडळाची एक बैठक झाली. डॉक्टर टेबलावर हात आपटून म्हणाले, "सोडायचे नाही या लोकांना!" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. ते शेवटच्या खुर्चीवर बसून स्वतःच्या बोटांकडे बघत होते. अजून नखांच्या कडेला पांढरा रंग होता.

बैठक संपल्यावर जिन्याखाली त्यांनी मला गाठले.

"मॅडम, त्या ड्रायव्हरची काही चूक नाही."

"मला माहीत आहे."

"नंबर माझ्या हातचे हाय. सांगा लागते."

"आत्ता नको." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "आपणच दगडांना रंग लावला हे कळले तर आपला अर्ज फेकून देतील. बाकीची चार रिंगणेही जातील. ड्रायव्हरचे काय, दोन महिन्यांत सुटेल तो. दगड परत येणार नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून ती जास्त लागली.

"आणि नंबर टाकायला मी लावले होते," मी म्हणाले. "सांगायचे तर तेही सांगावे लागेल."

"ते नका बोलू कुठंच," ते म्हणाले आणि सायकलचे कुलूप काढायला वाकले.

मला वाटले, त्यांनी माझे ऐकले. खरे सांगते, त्या रात्री मला चांगली झोप लागली.

तपासणीच्या दिवशी माळावर मांडव नव्हता, सावली नव्हती. अधिकारी बाई होत्या, पन्नाशीच्या, डोक्यावर ओढणी घेतलेल्या. मालक होता. ड्रायव्हरला पोलिसांनी आणले होते. त्याची बायको लांब बाभळीखाली उभी होती. डॉक्टर, मी, मंडळाचे दोघे. ते आमच्या मागे दोन पावले.

नाल्यातून एक दगड वर ओढून आणला होता. अधिकारी बाईंनी त्याच्यावरची माती झटकली. पांढरा सतरा आकडा.

"हे कोणी लिहिले?"

"लेआउटवाल्यांनी, आणखी कोणी!" डॉक्टर म्हणाले.

"आम्ही नाही," मालक म्हणाला. "आमचे ठिपके आहेत. चुन्याचे. पाहा तिकडे."

बाईंनी ड्रायव्हरकडे पाहिले. तो नुसता मान हलवत होता, नाही, नाही. बाभळीखालची बाई दोन पावले पुढे आली. मी नकाशाची गुंडाळी घट्ट धरून उभी होते. माझ्या तळहाताच्या घामाने कागद ओला झाला होता. आता कोणीतरी बोलायला हवे होते आणि मला पक्के ठाऊक होते की ते मी आहे. मी तोंड उघडले नाही.

"मी लिहिलं," ते मागून म्हणाले आणि पुढे आले.

डॉक्टर गर्रकन वळले. "तुम्ही?"

"कोणाच्या सांगण्यावरून?" बाईंनी विचारले.

"कोणाच्या नाही. खांबावर नंबर टाकत आलो जिंदगीभर. हात राहत नाही मॅडम."

बाईंनी माझ्या हातातून नकाशा घेतला, उघडला. टिंबांपुढे तेच आकडे होते, एक ते चौतीस. त्यांनी कागदाकडे पाहिले, दगडाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"यांच्या नकाशात हेच नंबर आहेत."

"त्यांनी कागदावर टाकले होते. मी ते पाहून गोट्यावर टाकले. त्यांले माहीत नव्हतं."

"खरे आहे का हे?" प्रश्न मला होता.

मी म्हणाले, "हो."

एवढा एकच शब्द. शाळेत रोज शंभर वेळा उच्चारते तो. त्यानंतर बाईंनी काहीतरी लिहून घेतले, ड्रायव्हरची बायको मोठ्याने रडायला लागली, मालक हसला. ते ड्रायव्हरपाशी गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझ्यानं झालं गा. माफ कर." ड्रायव्हरने त्यांचा हात झटकून टाकला. नंतर काय वाटले कोण जाणे, पण जाताना त्यानेच त्यांची सायकल उचलून पोलिसांच्या गाडीत घातली आणि त्यांना शेजारी बसवून नेले.

ड्रायव्हर सुटला. तक्रार मागे घ्यावी लागली. मोठ्या रिंगणाबद्दल अहवालात लिहिले गेले की अवशेष मूळ स्थितीत राहिलेले नाहीत. उरलेल्या चारांचा विचार होऊ शकतो, मात्र संबंधित व्यक्तीचा पुढे या जागेशी संबंध नसावा. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी त्यांचे नाव कमी करायचे ठरवले. सभासदत्व रद्द झाल्याचे पत्र सचिवाने पाठवायचे असते. मी लिहिले. "आपल्या हातून घडलेल्या गंभीर चुकीमुळे" असे शब्द घातले. पोचपावतीवर त्यांनी त्यांच्या त्या सुरेख अक्षरात लिहून पाठवले, "मिळाले."

पुढे एक गंमत झाली, तुम्हाला सांगायलाच हवी. अधिकारी बाईंनी आदेश दिला की सापडतील तेवढे दगड मूळ जागी बसवा. मूळ जागा कळणार कशी? आकड्यांवरून. ज्या आकड्यांनी दगड गेले, त्याच आकड्यांवरून आणि माझ्या नकाशावरून ते परत आणायचे होते. अकरापैकी नऊ नाल्यात सापडले. मजूर, पहारी, मी आणि छत्री घेतलेले डॉक्टर.

त्यांना माळावर यायला मनाई होती. ते रस्त्यावर, खांबाशेजारी सायकल टेकवून उभे राहिले. सतरा नंबर बसवताना त्याचे तोंड नेमके किती वळवायचे, मला कळेना. मी सहज रस्त्याकडे पाहिले. त्यांनी हात वर करून डावीकडे फिरवला, खांब सरळ करताना खालचा माणूस वरच्याला खुणावतो तसा. मी मजुरांना म्हणाले, "डावीकडे घ्या." हात थांबला. "बस, आता." दिवसभर तसेच चालले. डॉक्टर म्हणाले, "तुमची नजर चांगली आहे हो." मी थँक्यू म्हणाले. खरोखर म्हणाले.

त्यानंतर मी हुडकेश्वरला त्यांच्या घरी जाऊ लागले. दोन खोल्या, पुढे जास्वंद, दारावर घराचा नंबर, अर्थातच रेखीव. त्यांची बायको चहा करायची, गोड, फार गोड. मी नको म्हणायचे, ती आणखी अर्धा कप ओतायची. तिने मला कधी काही विचारले नाही. माझे मात्र दरवेळी ठरलेले असायचे की आज सांगायचे. ती आत गेली की मी सुरू करायचे, "मी डॉक्टरांना सांगून टाकते."

"चार रिंगणांचा कागद निघू द्या पहिले. मंग बोला. आता बोलाल तं रिंगणांच्या बाजूनं मंडळाचं कोण राहीन? सचिव बी खोटी, मेंबर बी खोटा."

"पण तुमचे नाव..."

"माझं काय नाव हाय मॅडम? सर्व्हिस संपली, नाव संपलं. कागद महत्त्वाचा."

मला ते पटायचे. पटवून घ्यायला मी तयारच असायचे.

कागद निघायला दीड वर्ष लागले. चारही रिंगणे राखली गेली, भोवती तारेचे कुंपण आले. त्या दिवशी मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पेढा हातात घेतला, बराच वेळ खाल्ला नाही. मी वाट पाहत होते, ते म्हणतील, आता बोला. ते म्हणाले नाहीत. त्यांच्या स्वभावात ते नव्हते. आणि मग शाळा सुरू झाली, परीक्षा आल्या, मुलाचे ॲडमिशन आले. कारणे माझ्याकडे नेहमीच असतात. माझे जाणे कमी झाले. एकदा बाजारात ते दिसले, पिशवी घेऊन. मी स्कूटर दुसऱ्या गल्लीत वळवली. हे मी कोणाला सांगितलेले नाही.

उन्हाळा लागता लागता एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत ते गेले.

मंडळाने शोकसभा ठेवली. डॉक्टरांचे मन मोठे, नाव कमी केलेले असले तरी रिंगणे त्यांनीच दाखवली होती, हे ते विसरले नव्हते. मागच्या खोलीत पंधरा-वीस खुर्च्या, टेबलावर फोटो, फोटोला हार. त्यांची बायको पहिल्या रांगेत, पदर डोक्यावरून घेतलेला. मी टेबलाच्या बाजूला.

डॉक्टर चांगले बोलले. खांबावरून रिंगण पाहणारा माणूस, असे म्हणाले. "पहिले मोजा, मंग बोला" हे त्यांच्या आवाजात म्हणून दाखवले, लोक हसले. आणि मग म्हणाले, "एक चूक सोडली, तर निष्कलंक माणूस. त्या चुकीबद्दलही आज आपण त्यांना माफ करू या."

मी पहिल्या रांगेकडे पाहिले. ती खाली पाहत होती. पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. आता बोलले नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे मला लख्ख कळले. मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली.

"चूक त्यांची नव्हती," मी म्हणाले. "दगडांवर नंबर टाकायला मी सांगितले. ते नको म्हणत होते. डॉक्टरांना विचारा म्हणाले, मी विचारले नाही. ते पुसायला निघाले, मी थांबवले. चौकशीत ते माझ्यासाठी खोटे बोलले आणि मी हो म्हणाले. पत्रही मीच लिहिले."

डॉक्टरांनी चष्मा काढला, परत लावला, परत काढला. कोणीतरी मागून "अरे बाप्पा" म्हणाले. मी रडत नव्हते. मला नुसती लाज वाटत होती, अंगभर, भर दुपारी उघडे पडल्यासारखी.

त्यांची बायको उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. इतक्या जवळून मी तिला कधी पाहिले नव्हते. चहाचा कप घेताना मी नेहमी कपाकडेच पाहायचे.

"त्यांनी मले त्याच दिवशी सांगतलं होतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दोन वर्षं लावले वं बाई तुमी."

मग तिने टेबलावरचा फोटो हारासकट उचलला, छातीशी धरला आणि ती दाराकडे निघाली. मी तिच्या मागे जिना उतरले, रस्त्यापर्यंत गेले. ती थांबली नाही. येऊ नका, असेही म्हणाली नाही.